चाकावरचं स्वयंपाकघर

मंगलाक्कांचं नाक गेल्याला अकरा महिने झाले होते, आणि ही गोष्ट जगात फक्त त्यांना एकट्यांना ठाऊक होती. दिसायला नाक होतं हो जागच्या जागी, सरळ आणि धारदार, पण वासाच्या नावानं शून्य. नवऱ्याचं, गोविंदरावांचं, तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी अक्कांना ताप भरला. चार दिवसांत ताप उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी असेल, येईल परत. ओवा हुंगला, वाफ घेतली, निलगिरीचं तेल रुमालावर टाकून झालं. कसलं काय नि कसलं काय! जिभेलाही खारट, तिखट, आंबट, गोड एवढंच कळायचं, बाकी सगळा पुठ्ठा. मग अक्कांनी नाद सोडला आणि तोंडाला कुलूप लावलं.

कुलूप लावायचं कारण उघड होतं. हे कळलं असतं तर विनायकनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकानं, त्याच दिवशी त्यांना उचलून नवनगरच्या फ्लॅटवर नेलं असतं. आणि अक्कांना गाडी सोडायची नव्हती. मरेपर्यंत नव्हती.

आता गाडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. चाळीस वर्षांपूर्वी कुठल्याशा धरणाच्या कामावर परदेशी इंजिनिअर आले होते. ते राहायचे चाकांवरच्या घरांत, ट्रकला जोडून ओढत न्यायच्या घरांत. काम संपलं, माणसं गेली, घरांचा लिलाव झाला. हुबळीच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या गोविंदरावांना काय अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी त्यातलं एक घेतलं. अमरगोळच्या मार्केट यार्डात लॉऱ्या चालवणारा त्यांचा दोस्त नागोजी, त्यानं ते आपल्या लॉरीला बांधून रायापूरच्या मोकळ्या प्लॉटवर आणून उभं केलं. प्लॉटवर घर बांधायचं, ते होईपर्यंत इथं राहायचं, असा बेत. घर काही झालं नाही. चाकं मातीत रुतली, हवा गेली, टायर चिरले. विनायक तिथंच रांगला, तिथंच शिकला आणि लग्न करून तिथनंच नवनगरला गेला. आजूबाजूचे लोक म्हणायचे ‘गाली मनी’, चाकाचं घर. अक्का नुसतं ‘गाडी’ म्हणायच्या.

त्या गाडीतलं स्वयंपाकघर बघण्यासारखं होतं. केवढं? दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला श्वास आत ओढून धरावा लागे, एवढं. पिवळसर, करड्या ठिपक्यांचा ओटा, कडेनं ॲल्युमिनियमची पट्टी, कोपरे सगळे गोलाकार. साईरंगाची तीन शेगड्यांची चूल, वरचं झाकण पाडलं की तिचाही ओटा व्हायचा. मोरीवर झाकण. पाय दाबला की पाणी येणारा नळ. भिंतीतनं खाली पडणारं टेबल, एका पायाचं. कप्प्यांना दाबायचे खटके, रस्त्यावरच्या हादऱ्यानं दारं उघडू नयेत म्हणून. आता गाडी चाळीस वर्षांत एक हातभर हलली नव्हती, तरी अक्का प्रत्येक कप्पा खटका दाबूनच बंद करायच्या. एका जागी उभं राहून उजव्या हाताला मिठाचा डबा, डाव्या हाताला पाणी, मागं वळलं की फ्रीज. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात म्हणे फोडणीपासून सिंकपर्यंत सात पावलं होती. ‘स्वयंपाक करायचा का वरातीत चालायचं?’ असं अक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या.

आणि तो फ्रीज! घासलेटवर चालणारा. मागं खाली टाकी, तिच्यात वात, वात पेटवली की वर बर्फ. जाळानं बर्फ होतो, हे बघायला एके काळी अर्धं रायापूर येऊन गेलं होतं. गोविंदरावांचा त्याच्यावर भारी जीव. वीस वर्षांपूर्वी घासलेट मिळेनासं झालं तेव्हापासून त्यात लोणच्याच्या बरण्या आणि पापड होते.

नाक गेल्यावर अक्का स्वयंपाक करायच्या तो कानांनी. मोहरी तडतडायची थांबली की जिरं. कांद्याचा चरचर आवाज बारीक झाला की तो लाल झाला. भाकरी भाजली की तव्यावर ठोकून बघायच्या, पोकळ वाजली की झाली. चुलीचं बटण रोज रात्री तीनदा चाचपायच्या, सिलिंडर खालून बंद करायच्या. दोनदा दूध करपलं. ‘फोन आला होता गं,’ म्हणून सांगितलं. एकदा सुनेनं, स्नेहानं, खोबऱ्याची वाटी पुढं केली, ‘आई, खवट वाटतंय का बघा ना?’ अक्कांनी नाकाशी धरल्यासारखं केलं आणि तिच्याच चेहऱ्याकडं बघून म्हणाल्या, ‘टाक की, विचारतेस काय!’ बरोबर आलं. अंदाज पंचे दाहोदरसे, पण निभत होतं.

स्नेहाचं काय, ती लोकांच्या घरांची आतली सजावट करून द्यायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला गाडीतलं हे स्वयंपाकघर बघून नवल वाटलं होतं, आता वेड लागलं होतं. तिच्या तोंडात सारखं ‘रेट्रो’. ‘आई, असा सनमायका आता पैसे टाकून मिळत नाही. असले खटके मिळत नाहीत. इथलं काही काही बदलायचं नाही.’ तिचा बेत असा, की दर रविवारी चार-सहा माणसं बोलवायची. लोकांनी स्वयंपाकघर बघावं, अक्कांच्या हातचं जेवावं, जावं. अक्का राहतील त्यांच्या जागी, गाडी राहील तिच्या जागी. अक्कांना ही सून कधी नव्हे एवढी गोड वाटू लागली.

विनायक मात्र अडून बसला होता. ‘गॅसची नळी माझ्या वयाची आहे. पत्र्याची पेटी ती. काही झालं तर दार एकच, तेही चुलीशेजारी. आणि आईचं वय बघ.’ वाईट नव्हता हो पोरगा. रोज दुकान बंद करून, चिगरी नावाच्या शहरी बसनं रायापूरला उतरून, आईला बघून मग नवनगरला जायचा. पण वर्षाच्या आत घर हलवू नये, गेलेल्या माणसाचा जीव घुटमळतो, असं नागोजीअण्णांनी सांगितलं म्हणून थांबला होता. ‘अप्पांचं वर्षश्राद्ध होऊ दे,’ त्यानं सांगून टाकलं होतं. ‘दुसऱ्या दिवशी सामान बांधायचं. मला रात्री झोप येत नाही, आई.’

म्हणजे अक्कांच्या हातात उरला होता तो एक श्राद्धाचा दिवस. त्या दिवशी असा स्वयंपाक करायचा, अशी पंगत वाढायची, की लेकानं स्वतःच म्हणावं, बाई अजून खमकी आहे, राहू दे इथं. स्वयंपाकाला बाई लावू, असं विनायकनं सुचवलं तेव्हा अक्का कडाडल्या. ‘त्यांच्या पानाला दुसऱ्याचा हात? मी काय मेले?’

शिवाय श्राद्धाच्या स्वयंपाकाचा एक नियम त्यांच्या पथ्यावरच पडणार होता. नैवेद्य चाखायचा नाही. चाखायचा नाही म्हणजे नाहीच, पण मुद्दाम वासही घ्यायचा नाही, वास घेतला की उष्टं झालं. सासूबाईंनी हे शिकवलं तेव्हा नव्या नवरीच्या तोंडाला पाणी सुटायचं आणि नियमाचा राग यायचा. आज अक्कांनी मनातल्या मनात सासूबाईंना नमस्कार केला.

आदल्या दिवशी संध्याकाळी नागोजीअण्णा आले. लॉऱ्या विकून झाल्या होत्या, गुडघे गेले होते, पण हातातला पाना काही सुटला नव्हता. स्नेहानंच त्यांना गळ घातली होती. अप्पांच्या दिवशी अप्पांचा फ्रीज चालू झाला पाहिजे. अण्णांनी वात बदलली, धुराडं साफ केलं आणि ओळखीच्या रंगाऱ्याकडनं दोन बाटल्या घासलेट आणलं. ‘मंगलाक्का, रात्रभर पेटू दे. सकाळी टाकी परत भरा. गोविंदाला उद्या त्याच्या बर्फाचं पन्हं देऊ.’ एवढं बोलून म्हातारा डोळे पुसत बसला. स्नेहानं तेवढ्यात ओटा पुसला, पितळेची पळी आणि झारा फ्रीजच्या बाजूच्या खिळ्यांवर टांगला, आणि फोटो काढले.

सकाळी उठून अक्कांनी आंघोळ केली, ओलेत्यानं टाकी भरली. नरसाळ्यातून थोडं सांडलं. फडक्यानं पुसलं. फडकी सगळी एकाच कापडाची, गोविंदरावांच्या जुन्या धोतराची, पांढरी. टाकी पुसायचं फडकं फ्रीजशेजारच्या खिळ्यावर, बाकीची मोरीवरच्या दांडीवर, ही चाळीस वर्षांची रीत. खिळ्यावर आज झारा होता. ‘ही बाई पण ना,’ असं पुटपुटत अक्कांनी फडकं दांडीवर टाकलं, हात राखेनं दोनदा धुतले आणि सोवळं नेसायला गेल्या.

मग त्या जुंपल्या. तांदळाची खीर, भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी, कढी. सगळं कानांनी आणि डोळ्यांनी, एका पायावर फिरत. वड्यांचं पीठ गरम पाण्यात मळलं, ओलं फडकं घेऊन झाकून ठेवलं तासभर. मग त्याच फडक्यावर वडे थापले, मधे बोटानं भोक पाडलं. फडकं जरा बुळबुळीत लागलं. हाताला तेल असेल, म्हणून त्यांनी सोडून दिलं. वडे काय फुगले म्हणून सांगू! एकजात टम्म. अक्कांचा ऊर भरून आला.

स्नेहा दारात आली. ‘आई, घासलेटाचा केवढा वास कोंडलाय आत! खिडकीच्या पट्ट्या उघडू का?’

‘फ्रीज पेटलाय गं. पूर्वी रोजच असायचा हा वास. उघड.’

साडेअकराला गुरुराज भटजी आले. विधी बाहेर, गाडीला लावलेल्या ताडपत्रीच्या सावलीत झाला. विनायकनं पिंड घातले, काळे तीळ, पाणी, सगळं यथासांग. मग एका पानावर भात, खीर, भाजी आणि वर दोन वडे ठेवून पान कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. सगळे मागं सरकले. करंजाच्या झाडावर कावळे दहा-बारा तरी होते. त्यांतला एक लगेच उतरला.

उतरला, तिरका तिरका चालत पानापाशी आला, मान वाकडी करून बघितलं, चोच वड्याला लावली न लावली, आणि चोच भिंतीवर घासून उडून गेला.

‘येईल दुसरा,’ भटजी म्हणाले.

दुसरा आला. त्यानं तेवढंही केलं नाही. तिसरा लांबूनच परतला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ऊन चढलं. भटजी घड्याळाकडं बघायला लागले. ‘मनात काही राहिलं असेल गेलेल्याच्या, तर बोलून टाका,’ ते म्हणाले.

विनायक हात जोडून पुढं झाला. ‘अप्पा, दुकानाचं नाव बदलणार नाही.’ कावळे गप्प. ‘नागोजीअण्णांना अंतर देणार नाही.’ काही नाही. ‘आईला कधी काही कमी पडू देणार नाही.’ एक कावळा ओरडला, पण जागचा हलला नाही.

नागोजीअण्णा खुर्चीतून घोगऱ्या आवाजात म्हणाले, ‘विनायका, बाकीचं कशाला बोलतोस? गाडीचं बोल. गोविंदाचा जीव तिच्यातच अडकलाय.’

विनायकनं वळून आईकडं बघितलं. अक्कांनी मान खाली घातली. पण खोटं कशाला बोला, आतून त्या हरखल्या होत्या. अहो, चाळीस वर्षं संसार केला, कधी भांडणात बाजू घेतली नाही ह्या माणसानं, आणि आज बघा. मेल्यावर का होईना, बायकोच्या बाजूनं उभा राहिला!

लेकाच्या कपाळावर घाम होता. तो पुसून विनायक एकदम मोठ्यानं बोलला, भिंतीपलीकडं कोणी बहिरं माणूस बसल्यासारखं. ‘अप्पा, गाडी विकणार नाही. हलवणार नाही. आई इथंच राहील, तिच्या स्वयंपाकघरात. मी तिला नेणार नाही. शब्द दिला.’

अक्कांना रडू फुटलं. सुखाचं होतं ते. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि वर झाडाकडं बघितलं, आता ये म्हणून.

कावळा आला नाही. वाट बघून बघून शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पानाला टेकवला, आणि ‘शिवला म्हणायचं,’ असं सांगून हात धुवायला गेले. विनायकचा चेहरा काळवंडला होता. शब्द देऊनही बाप मानला नाही, हे त्याच्या जिवाला लागलं. पण दिलेला शब्द दिलेला होता, आणि अक्कांना तेवढा पुरे होता.

आधी भटजी आणि नागोजीअण्णा ताडपत्रीखाली पानावर बसले. श्राद्धाच्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत, चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही, पानात पडलं ते मुकाट्यानं खायचं. दोघंही जुन्या वळणाची माणसं. भटजींनी वड्याचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि चावायचे थांबले. मग डोळे मिटून गिळला. पाणी प्याले. नागोजीअण्णांच्या डोळ्यांतून तर घळाघळा पाणी आलं. ‘दोस्ताची आठवण,’ दारातून बघणाऱ्या अक्कांना वाटलं, आणि त्यांनी आग्रहानं आणखी दोन वडे वाढायला लावले. भटजींनी ताक तीनदा मागितलं. दक्षिणा घेऊन ते नेहमीपेक्षा लवकर उठले.

मग विनायक आणि स्नेहा बसले. अक्का समोर पाटावर, वाढायला. लेकानं वड्याचा घास घेतला. अक्का त्याच्या तोंडाकडंच बघत होत्या. तो चावता चावता थांबला. हात धुऊन उभ्या असलेल्या नागोजीअण्णांकडं त्यानं बघितलं. अण्णांनी हळूच मान हलवली, नको बोलू.

‘आई,’ स्नेहानं तोंडाशी हात नेला, ‘ह्या वड्यांना घास...’

‘स्नेहा.’ विनायकचा आवाज चढला. ‘श्राद्धाचं जेवण आहे. गप जेव.’

आणि तो जेवला. एक वडा संपवला, दुसरा संपवला. ‘वाढ आई,’ म्हणाला, आणि तिसराही खाल्ला. खाताना एकदाही त्यानं आईवरची नजर काढली नाही. आवडीनं खाणाऱ्याचा चेहरा त्यांना माहीत नव्हता होय? ह्याच पोराला त्यांनी गाडीतल्या टेबलावर भरवलं होतं.

त्यांनी ताटातला एक वडा उचलून तोडला, खाल्ला. खारट. कुरकुरीत. बस्स.

‘काय झालंय?’ त्या म्हणाल्या. ‘येन आतु? सांगा की रे! मीठ जास्त झालं?’

विनायक उठला, हात धुतले आणि गाडीत शिरला. आतून दांडी खडखडल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत दोन फडकी होती. तो आईसमोर उकिडवा बसला आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, ‘आई, कशाचा वास आहे ह्याला?’

अक्कांनी एक फडकं नाकाशी धरलं. ‘धुतलेलं आहे. साबणाचा.’

‘आणि ह्याला?’

दुसरं त्यांनी हातात घेतलं. ते बुळबुळीत होतं. कानांनी आता काही कळणार नव्हतं, डोळ्यांनीही नाही. त्या बोटांनी चाचपत राहिल्या. लेकाच्या तोंडाकडं बघून ओळखावं, तर त्यानं चेहरा दगडासारखा ठेवला होता.

‘तेलाचा,’ त्या म्हणाल्या.

‘कसल्या तेलाचा?’

‘शेंगदाण्याच्या.’

स्नेहानं हुंदका दिला. नागोजीअण्णांनी तोंड फिरवलं.

‘घासलेट आहे, आई,’ विनायक म्हणाला. ‘टाकीचं फडकं आहे हे. पीठ ह्यानं झाकलंस, वडे ह्याच्यावर थापलेस. किती दिवस झाले?’

लपवण्यासारखं आता काय राहिलं होतं? ‘दिवस कसले,’ अक्का म्हणाल्या, ‘अकरा महिने.’

‘आणि गॅस सुटला असता म्हणजे?’

‘सुटताना आवाज येतो की बारीक. मी ऐकते.’

तो हसलाही नाही, चिडलाही नाही. चिडला असता तर बरं झालं असतं, अक्कांना उलट बोलता आलं असतं. तो नुसता मातीत बसून राहिला. स्नेहा रडत रडत सांगत होती, खिळ्यावर झारा मीच टांगला, चूक माझी आहे, आईंची नाही. कोणी तिचं ऐकत नव्हतं.

विनायकनं आईच्या हातातलं फडकं काढून घेतलं. ‘मी अप्पांना शब्द दिलाय. तो मोडणार नाही. तू इथंच राहशील. पण गॅस मी आज काढून नेतो. चूलही काढतो. दोन वेळचा डबा स्नेहा पाठवेल. रात्री मी इथं झोपायला येईन. रोज.’

अक्कांनी गाडीकडं बघितलं. चूल काढल्यावर तिथं भोक राहणार होतं, चौकोनी. त्यावर स्नेहा एखादी फुलदाणी ठेवील. लोक येतील, फोटो काढतील, म्हणतील काय छान. आणि त्या कोपऱ्यात बसून दुसऱ्याचा डबा उघडतील. आणि हे पोरगं, बायको तिकडं, आपण इकडं, असं गाडीतल्या बाकड्यावर पाय मुडपून झोपेल, एक वर्ष, दोन वर्षं, अक्का जगतील तितकी वर्षं. कशासाठी? एका शब्दासाठी. आणि तो शब्द घेतला कोणी? गोविंदरावांनी थोडाच घेतला होता! कावळ्याला घासलेटाचा वास आला, म्हणून कावळा उडाला. ज्याला नाक होतं त्या पाखरालाही कळलं, आणि आपण मात्र नवरा आपल्या बाजूनं उभा राहिला म्हणून डोळे पुसत बसलो.

लाज वाटली त्यांना. आयुष्यात एवढी कधी वाटली नव्हती.

‘शब्द तू त्यांना दिलास,’ त्या म्हणाल्या, ‘तर परत त्यांच्याकडनंच घ्यायला पाहिजे.’

‘म्हणजे?’

अक्का उठल्या. गाडीत गेल्या. भाताचं पातेलं ओट्यावर होतं, त्याला त्या फडक्याचा स्पर्श नव्हता. तरी त्यांनी स्नेहाला हाक मारली. ‘इकडं ये. ह्या भाताचा वास घे.’

‘आई, नैवेद्याचा वास...’

‘घे म्हणते ना. चांगला आहे?’

‘चांगला आहे.’

‘दही?’

‘दहीही चांगलं आहे.’

स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून दुसरीला असं विचारायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. त्यांनी भातावर दही घातलं, ते केळीच्या पानावर घेतलं आणि उन्हात अनवाणी भिंतीपाशी गेल्या. जुनं पान वड्यांसकट उचलून बाजूला टाकलं. नवं मांडलं. मागं विनायक येऊन उभा राहिला होता.

‘अहो,’ अक्का म्हणाल्या. नवऱ्याशी चाळीस वर्षं ज्या आवाजात बोलल्या त्याच आवाजात, भाजी आणायला सांगावी तशा. ‘विनायकानं दिलेला शब्द खरा नव्हे. माझ्या चुकीमुळं त्याच्या तोंडून निघाला. मला वास येत नाही. मी जाते त्याच्याबरोबर नवनगरला. चूल सोडते. तुम्हाला चालत असेल तर हा घास घ्या. नसेल चालत तर घेऊ नका, मी काही रागावणार नाही.’

शेवटचं वाक्य त्यांनी जरा जास्तच आर्जवानं म्हटलं. कारण मनातून, अगदी तळातून, त्यांना वाटत होतं, शिवू नये. एवढं एक करावं ह्या माणसानं. सगळे बघतायत, भात चांगला आहे हे स्नेहानं सांगितलंय, आता कसली शंका उरणार नाही. आता जर कावळा शिवला नाही, तर ते खरंच गोविंदरावांचं म्हणणं असेल, माझ्या बायकोला तिच्या जागेवरनं उठवू नका असं. त्यांनी पान नीट करायच्या निमित्तानं हात तिथंच ठेवला, पाखराला जरा भीती वाटावी म्हणून.

करंजाच्या फांदीवरून कावळा सुटला तो सरळ खाली आला. हात दिसतोय, माणसं दिसतायत, कशाची तमा नाही. अक्कांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर उतरून त्यानं दहीभाताचा मोठा घास चोचीत भरला, उडाला, आणि त्याच्यामागं बाकीचे सगळे कावळे पानावर तुटून पडले. विनायकनं सुटकेचा केवढा तरी मोठा श्वास सोडला आणि हात जोडले.

अक्कांनी हात मागं घेतला.

‘एवढी घाई झाली होती होय तुम्हाला,’ त्या म्हणाल्या, आणि सिलिंडर बंद करायला गाडीत गेल्या.